पूजेनंतर या

मी कुठली, हा प्रश्न मला पहिल्यांदा अडवून विचारला तो एका संगणकाच्या पडद्याने. तोवर कुणी विचारला नव्हता असं नाही. कोलकात्यात, बेलेघाट्याच्या आमच्या गल्लीत भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे विचारायचे, आणि आई "महाराष्ट्र" म्हणाली की "ओ, बॉम्बे!" म्हणून समाधान मानायचे. सुट्टीत संगमनेरला गेलं की आत्या दारातच म्हणायची, "आल्या बंगालच्या बाई!" दोन्हीकडे हसून वेळ मारून नेता यायची. पण बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसले तेव्हा तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. उमेदवार कोणत्या राज्याचा? मी बाबांकडे पाहिलं. बाबा पडद्याकडे पाहत होते.

बाबा एका सरकारी बँकेत अधिकारी होते. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. नाशिक, रायपूर, विजयवाडा असं करत मी नववीत असताना आम्ही कोलकात्याला आलो. आता महाराष्ट्राचा नियम असा, की राज्याच्या कोट्यातली जागा हवी तर दहावी आणि बारावी दोन्ही तिथूनच झालेली हवी. बंगालचा नियम असा, की दहा वर्षांचा सलग रहिवास हवा. माझी इथे चार वर्षं भरत होती. म्हणजे ज्या राज्याची भाषा मी घरात बोलत होते तिथली मी नव्हते, आणि ज्या राज्यात मी राहत होते तिथलीही नव्हते. उरला तो देशभरातल्या मुलांसाठी राखलेला लहानसा वाटा, ज्यात हुशारांतले हुशार आधी उड्या मारणार. बाबांनी दोन्ही नियम मोठ्याने वाचून दाखवले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तसं पाहिलं तर दोन्ही नियम आपापल्या जागी योग्यच आहेत." आज वाटतं, मी त्याच क्षणी ओरडायला हवं होतं. पण आमच्या घरात कुणी ओरडत नसे.

आमचं घर तळमजल्यावर होतं. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. त्यांना सगळी गल्ली मासीमा म्हणायची, म्हणून आम्हीही. सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून मोहरी वाटल्याचा खरखर आवाज छतातून खाली यायचा, पाठोपाठ तो वास, जो पहिल्या वर्षी आईला नाकाला पदर धरायला लावायचा आणि चौथ्या वर्षी तिला त्यावरून किती वाजले ते कळायचं. संध्याकाळी मासीमा शंख फुंकायच्या आणि आई आमच्या देवापुढे निरांजन लावायची. दोघींची वेळ एकच होऊन गेली होती. आई ज्वारीच्या पिठासाठी कासावीस व्हायची. कुणी गावाकडून येणार असेल तर भाजणी, काळा मसाला आणि ज्वारीचं पीठ, या तीनच गोष्टींची फर्माईश असे. इथलं गंधराज लिंबू मात्र तिने आपलंसं केलं होतं. गरम वरणभातावर ते पिळलं की बाबा डोळे मिटून पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, "हे एक नाशिकला मिळणार नाही." त्यांच्या तोंडून कोलकात्याचं कौतुक तेवढंच. मी दोन वर्षं त्या घरात अभ्यास केला. मागच्या खोलीत खिडकीला लागून टेबल होतं आणि खिडकीबाहेर मासळीवाल्याची आरोळी, रिक्षाचे भोंगे, शेजारच्या मुलीचा हार्मोनियमचा रियाज. त्या मुलीचे सूर चुकले की मी मनात दुरुस्त करायचे. मला डॉक्टर व्हायचं होतं. का, ते मी सांगणार नाही. जे झाले त्यांना ते कारण शोभतं. जे झाले नाहीत त्यांनी सांगितलं की लोक चुकचुकतात.

गुण चांगले पडले. दोन्हींपैकी कुठल्याही एका राज्याची मी असते तर सरकारी कॉलेजात सहज जागा मिळाली असती, एवढे चांगले. देशाच्या यादीत ते काठावरचे होते. पहिल्या फेरीत माझं नाव नव्हतं. दुसऱ्या फेरीत नव्हतं. नकार तोंडावर आला तर त्याला निदान चेहरा असतो. इथे नुसतं एक चक्र फिरायचं, आम्ही तिघं श्वास रोखून उभे राहायचो आणि मग एक ओळ उमटायची की आपल्याला जागा देण्यात आलेली नाही. आई प्रत्येक वेळी म्हणायची, "परत एकदा दाब ना, नेट हळू असेल." मी परत दाबायचे. तीच ओळ.

दुसऱ्या फेरीनंतर आठवड्याभरात पारोमिता आली. आम्ही एकाच शाळेत, एकाच क्लासला. तिला माझ्यापेक्षा बरेच कमी गुण होते आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं. तिला कोलकात्यातच, राज्याच्या कोट्यातून जागा मिळाली होती. हातात संदेश या मिठाईचा डबा. ती दारातच थांबली.

"अनघा, आय अॅम सो सॉरी," ती म्हणाली.

"कशाबद्दल? तुझं अभिनंदन."

"माझं तुझ्या आधी व्हायला नको होतं."

आईने तिला आत बोलावलं, पाणी दिलं, डबा देवापुढे ठेवला. पारोमिता चांगली मुलगी होती, हेच त्यातलं अवघड. तिने जरा मिरवलं असतं तर मला तिचा राग करता आला असता. ती गेल्यावर आई म्हणाली, "खा गं एक. तिने मनापासून आणलेत." मी खाल्ला. नोलेन गुळाचे, म्हणजे हिवाळ्यातल्या नव्या खजुरी गुळाचे दिवस नव्हते, साध्या साखरेचाच होता. त्यानंतर कितीतरी वर्षं मी संदेश तोंडात घातला नाही. लोकांना वाटायचं, मराठी म्हणून आवडत नसेल.

मग बाबांनी ठरवलं की हातचं वर्ष घालवायचं नाही. उत्तर कोलकात्यातल्या एका जुन्या कॉलेजात प्राणिशास्त्राला जागा शिल्लक होती. मला थांबायचं होतं. देशाच्या यादीची एक शेवटची फेरी अजून राहिली होती. कुठल्याशा कोर्टातल्या खटल्याने ती पुढे पुढे ढकलली जात होती. बाबा म्हणाले, "फेरी होईल तेव्हा होईल. आज जे हातात आहे ते धर." आम्ही गेलो. कार्यालयात मुख्य कारकून होते, हालदारबाबू. उंच, किडकिडीत, कायम पान चघळणारे. त्यांनी माझी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळी मूळ कागदपत्रं मागितली. विद्यापीठाची नोंदणी होईपर्यंत ती कॉलेजात राहतील असं म्हणाले.

मी बाबांना हळूच मराठीत म्हटलं, "बाबा, मूळ कागद नको ना द्यायला. शेवटच्या फेरीत नाव लागलं तर?"

"नियम आहे त्यांचा."

"विचारा तरी, झेरॉक्स चालेल का."

बाबांनी विचारलं नाही. मीच माझ्या मोडक्या बंगालीत विचारलं, परत कधी मिळतील. हालदारबाबूंनी कपाटाला कुलूप लावता लावता सांगितलं, "पूजोर पोरे." पूजेनंतर. कोलकात्यात ऑगस्ट उजाडला की कुठल्याही प्रश्नाला हे एकच उत्तर असतं. गॅसची टाकी, रस्त्याची दुरुस्ती, मुलीचं लग्न, सगळं पूजेनंतर. मी त्या उत्तराला हसलेसुद्धा.

शेवटच्या फेरीचा निकाल षष्ठीच्या दुपारी लागला. गल्लीच्या तोंडाशी मांडव उभा राहिला होता, ढाकवाले येऊन दाखल झाले होते आणि त्या बडवण्यात मला आईची हाकही ऐकू येत नव्हती. मी सवयीने पान उघडलं होतं. ती नेहमीची ओळ आलीच नाही. तिच्या जागी एका कॉलेजचं नाव आलं. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावचं सरकारी मेडिकल कॉलेज. मी ते चार वेळा वाचलं. मग आईला बोटाने दाखवलं. तिने एकदा वाचलं आणि मटकन खुर्चीत बसली. "आपल्याकडचं मिळालं गं," ती म्हणाली, "आपल्याकडचं!" आणि रडायला लागली. संगमनेरहून सकाळी निघालं तर संध्याकाळच्या आत पोचता येईल असं गाव. चार वर्षं ज्वारीच्या पिठासाठी तडफडणाऱ्या बाईची मुलगी ज्वारीच्या मुलखात डॉक्टर व्हायला जाणार होती. मासीमा रडणं ऐकून धावत खाली आल्या, त्यांना काय झालं ते कळलं आणि त्यांनी दिवेलागणीची वाट न बघता भर दुपारी शंख फुंकला.

बाबा बँकेतून आले. त्यांनी उभ्याउभ्याच पूर्ण सूचना वाचली. दशमीच्या संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रांसह कॉलेजात हजर व्हायचं होतं. सुट्टीच्या दिवसांतही सगळी मेडिकल कॉलेजं त्यासाठी उघडी ठेवायचा हुकूम होता. इकडे माझं कॉलेज आदल्याच दिवशी पूजेसाठी बंद झालं होतं, ते थेट भाऊबीजेनंतर उघडणार होतं. आणि माझे कागद तिथल्या लोखंडी कपाटात होते.

सप्तमीच्या सकाळी बाबा आणि मी सियालदहहून बराकपूरची गाडी धरली. हालदारबाबू तिकडे राहतात एवढं एका वर्गमैत्रिणीकडून कळलं होतं. शहराकडे येणाऱ्या गाड्यांत नवे कपडे घातलेली माणसं दारापर्यंत लोंबकळत होती. आमची उलट दिशेची गाडी जवळजवळ रिकामी होती. बाबांनी शर्ट खोचून, बूट घालून, बँकेत जायचे तसे कपडे केले होते. स्टेशनापासून विचारत विचारत घर सापडलं. हालदारबाबू लुंगीवर बाहेर आले, बाबांना पाहून गडबडले, आत जाऊन पंजाबी, म्हणजे त्यांचा कुर्ता, चढवून आले. त्यांच्या बायकोने आम्हाला नारळाचे लाडू दिले. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच होती. उठून त्यांनी ती दाखवलीसुद्धा.

"किल्ली आहे," ते हिंदीत म्हणाले, "पण प्रिन्सिपलसाहेबांच्या परवानगीशिवाय सुट्टीत कॉलेज उघडलं तर माझी नोकरी जाईल. साहेब हो म्हणू देत, मी लगेच येतो. अष्टमी असो की नवमी. तुमची मुलगी ती माझी मुलगी."

त्यांनी साहेबांना फोन लावला. तो लागला नाही. तेव्हा त्यांनी घरचा पत्ता दिला, दक्षिणेकडच्या एका वस्तीतला, आणि सांगितलं की साहेब तिथल्या पूजा समितीचे अध्यक्ष आहेत, उद्या सकाळी अंजलीच्या, म्हणजे देवीला फुलं वाहायच्या वेळी मांडवातच भेटतील.

अष्टमीची ती सकाळ मला तिच्या वासासकट आठवते. धूप, शिउलीची म्हणजे प्राजक्ताची फुलं, बायकांच्या नव्या कोऱ्या साड्यांची खळ, खिचडीच्या भल्यामोठ्या कढईतून येणारा भाजलेल्या मुगाच्या डाळीचा वास. प्रिन्सिपलसाहेब धोतर-पंजाबीत होते, छातीवर समितीचं फूल. अंजली संपेपर्यंत आम्ही खुर्च्यांच्या शेवटच्या ओळीत बसलो. मग बाबा पुढे गेले. मी त्यांच्या मागे, फोनवर ते सूचनेचं पान उघडून. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं, ढाकवाल्यांना हाताने थांबवलं, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अभिनंदन, बेटा. पण हे बघा मिस्टर देशमाने, मी एका विद्यार्थिनीसाठी सुट्टीत कार्यालय उघडलं तर उद्या आणखी दहाजण येतील. कार्यालय बंद म्हणजे बंद. उद्या काही गहाळ झालं तर जबाबदार कोण? तुम्ही बँकेत आहात. तुम्ही सुट्टीच्या दिवशी एका ग्राहकासाठी तिजोरी उघडाल का?"

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील. म्हणतील की ही तिजोरी नाही, एका मुलीचे कागद आहेत, तिचे स्वतःचे. म्हणतील की किल्ली असलेला माणूस यायला तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा. निदान हात तरी जोडतील. आणि मग बाबा म्हणाले, "आप ठीक कह रहे हैं, सर."

साहेबांचा चेहरा सैलावला. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, प्रसाद घेऊन जा म्हणाले, आणि ढाक पुन्हा सुरू झाले. मी ओरडून काहीतरी म्हणाले असेन. काय, ते मला आठवत नाही आणि त्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नसेल. बाबांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, अनू. मग कोणत्या तोंडाने भांडू?"

या वाक्याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. आपल्या मुलीसाठीसुद्धा ज्याला दुसऱ्याची बाजू आधी दिसते तो माणूस थोर म्हणायचा की काय म्हणायचा? लोक त्यांना थोर म्हणतात. बँकेतले लोक आजही त्यांचं नाव आदराने घेतात. मी त्यांची मुलगी होते, मला थोर माणूस नको होता. मला त्या दिवशी पाय धरणारा, खोटं बोलणारा, वेळ पडली तर कुलूप फोडणारा बाप हवा होता.

घरी आईने बॅग भरून ठेवली होती. चादर, पांढरे दोन कुर्ते, डब्यात बेसनाचे लाडू. आमचे चेहरे बघून तिला कळलं. तरी ती म्हणाली, "झेरॉक्स आहेत ना? मग झेरॉक्स घेऊन जा."

"सूचनेत स्पष्ट लिहिलंय, मूळ कागदपत्रं," बाबा म्हणाले.

"लिहू देत. दारात जाऊन उभे राहा. सांगा, असं असं झालंय. फार तर काय, हाकलून देतील. मग हाकलू देत!"

"तिला घेऊन एवढ्या लांब जायचं, तिथे चारचौघांत नाही ऐकायचं आणि परत यायचं. तिचं काय होईल, विचार कर."

"इथे बसून तिचं काय होतंय ते दिसतंय ना तुम्हाला?"

आई बाबांशी या आवाजात बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. मी म्हटलं, मी एकटी जाते. हैदराबादवरून विमान होतं, मी पाहून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "एकटीने जाऊन नियम बदलणार आहे का?" आणि आंघोळीला निघून गेले. कपाळावर आठी नव्हती, आवाज चढलेला नव्हता. बँकेतली एखादी केस बंद करावी तशी त्यांनी ती बंद केली होती.

दशमीला पाच वाजले तेव्हा मी गच्चीवर होते. खाली मांडवात बायका एकमेकींच्या गालांना शेंदूर लावत होत्या, मूर्ती ट्रकवर चढवायची गडबड चालली होती. संध्याकाळी रीतीप्रमाणे मासीमांच्या पाया पडायला जावं लागलं. त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोंडात नारूचा, म्हणजे नारळाच्या लाडवाचा तुकडा घातला आणि भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद दिला, मोठी डॉक्टर हो, म्हाताऱ्या मासीमाला फुकट तपास. आई माझ्या शेजारी उभी होती. ती "हो हो" म्हणाली. मी नारू गिळला.

पुढच्या वर्षी मी परीक्षा पुन्हा दिली. गुण आधीपेक्षा कमी पडले. हे लिहिताना मला कुणावर खापर फोडायचं नाही, पण अभ्यासाला बसलं की मन पुस्तकात लागत नसे, ते त्या मांडवात जाऊन उभं राहायचं आणि बाबांच्या तोंडून वेगवेगळी वाक्यं वदवून घ्यायचं. आणि त्याच जूनमध्ये बाबांची बदली झाली. नाशिकला. आई-बाबा गेले, मी पदवी अर्धवट नको म्हणून वसतिगृहात राहिले. मग इथेच चिकटले. न्यू टाउनमधल्या एका कंपनीत लागले. आरोग्यविम्याचे दावे तपासायचं काम. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि ते नियमात बसतं की नाही ते ठरवायचं. मी या कामात चांगली आहे. रक्तात आहे म्हणा. या शहरात माझी दहा वर्षं भरली तेव्हा मी ऑफिसात होते. त्या दिवसापासून मी रीतसर बंगालची झाले. कुणालाच त्याचा उपयोग नव्हता.

कानशिलावरचे केस पांढरे झाल्यावर आता हे लिहायला बसले, त्याला कारण आहे. मागच्या वर्षी आमच्या कंपनीत सल्लागार म्हणून डॉ. गिरवलकर आले. पाटीवरचं आडनाव वाचून ते माझ्या टेबलाशी थांबले, "देशमाने? मराठी का तुम्ही?" मग जेवणाच्या सुट्टीत बसायला लागलो. इतक्या दूर मराठी बोलायला माणूस मिळाल्याचा त्यांना फार आनंद. एकदा सहज त्यांनी सांगितलं की ते कुठे शिकले. त्याच कॉलेजात. मी वर्ष विचारलं. तेच वर्ष. मी विचारलं, कुठल्या फेरीत. ते हसले, "अहो, शेवटच्या. ती पण गंमतच. माझे मूळ कागद इंजिनिअरिंगला अडकलेले. वडील म्हणाले, चल जाऊन तर बघू. तिथल्या क्लार्कने हमीपत्र लिहून घेतलं, महिनाभराची मुदत दिली. आमच्यातल्या तीन-चारजणांना तसंच घेतलं होतं. एक जागा तर शेवटपर्यंत रिकामी राहिली, कुणी आलंच नाही."

मी डबा बंद केला. त्यांनी विचारलं, भाजी तिखट आहे का. मी हो म्हटलं.

बाबांना सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस काढले. ते आता संगमनेरला असतात, पंचाहत्तरी झाली, कानाला यंत्र आहे. सांगून काय मिळणार होतं? काहीच नाही. तरी एका रविवारी, फोनवर ते नेहमीसारखं जेवलीस का, पाऊस आहे का, विचारत असताना मी सांगून टाकलं. सगळं, गिरवलकरांच्या शब्दांत. मग आईने फोन घेतला.

"काय बोललीस त्यांना? ताटावरून उठलेत."

मी तिलाही सांगितलं. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, मी तेव्हाच म्हटलं होतं. तिने ते म्हटलं नाही. "आता कशाला गं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दोन रविवार बाबांचा फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला.

"मी जाऊन आलो," ते म्हणाले.

"कुठे?"

"त्या कॉलेजला. सकाळच्या एसटीने गेलो. तुझ्या आईला बँकेच्या कामाला जातो सांगितलं."

"कशासाठी, बाबा?"

"विचारायला. कार्यालयात एक जण जुना निघाला. तो म्हणाला, हो, तेव्हा हमीपत्रावर घ्यायचो आम्ही लांबच्या मुलांना. नुसतं आलं तरी चालायचं, म्हणाला."

त्यांच्या कानातल्या यंत्राची बारीक शिट्टी फोनमध्ये ऐकू येत होती.

"मग?" मी म्हटलं.

"मग तिथे बाहेर बाक आहे, त्यावर बसलो थोडा वेळ. लेक्चर सुटलं. मुलं-मुली पांढरे कोट घालून बाहेर आली. एका मुलीने विचारलं, आजोबा, कुणाला भेटायचंय?"

"काय सांगितलंत?"

"काही नाही म्हटलं. ती म्हणाली, ओपीडी त्या बाजूला आहे." ते खाकरले. "परतीच्या गाडीला वेळ होता अजून. पण मग मी निघालोच."